नेम कुठे गेला?

लॅपटॉपच्या पडद्यावर आधी नुसतं भेगांचं जाळं दिसलं. भेगांच्या पुढे तांब्याचे लालसर ओघळ, त्यांच्यावर काळा कुळकुळीत थर, मग पुन्हा तांबं. कॅमेऱ्याची वायर इंचभर आणखी आत गेली आणि पेचदार खाचांच्या कडा दिसू लागल्या. काही धारदार, काही झिजून बोथट झालेल्या. हे सगळं पावणेसहा मिलिमीटर रुंदीच्या भोकात.

संपादकांनी यंदा ‘दुरुस्ती’ हा विषय दिला. घड्याळं, वाडे, मूर्ती, विहिरी यांच्या दुरुस्तीवर लिहिणारे पुष्कळ असणार. मला अशी दुरुस्ती बघायची होती जिच्यात वस्तू मोडलेली दिसतच नाही. डेन्व्हरच्या ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, “माझ्या वडिलांची रायफल बिघडलीय. चालते व्यवस्थित. फक्त जिथे धरावी तिथे लागत नाही.” म्हणून त्याच्याबरोबर नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, अलायन्स नावाच्या गावी गेले. वायोमिंगच्या खाणींतला कोळसा वाहणाऱ्या लांबच लांब मालगाड्या इथून जातात. रेल्वेचं मोठं वर्कशॉप इथे आहे आणि वडिलांची नोकरी त्यातच झाली. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. इंजिनांवर काम केलेल्या माणसाचे हात, आणि कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय न बोलण्याची सवय. मी त्यांना मनात ‘मिस्त्री’ म्हणू लागले. इथेही तेच म्हणते.

खारींचं गावठाण

रायफल कशासाठी आहे हे कळल्याशिवाय तिची तक्रार कळत नाही. अमेरिकेच्या मधल्या गवताळ पट्ट्यात ‘प्रेअरी डॉग’ नावाचा प्राणी राहतो. नावात कुत्रा असला तरी ती जमिनीत बिळं करून राहणारी खार आहे. वजन किलोभर, मागच्या पायांवर उभी राहिली की वीत-दीड वीत उंच. या खारी वसाहती करतात. १९०२ साली सी. हार्ट मेरियम या प्राणिशास्त्रज्ञाने टेक्सासमधल्या एकाच वसाहतीचा विस्तार २५,००० चौरस मैल आणि तिच्यातल्या खारी ४० कोटी, असा अंदाज लिहून ठेवला. गुरं पाळणाऱ्यांना हे गवताचे चोर वाटले. विष घातलं गेलं, नांगर फिरले, आणि आज त्या विस्ताराचा अगदी थोडा अंश उरलाय.

रॅन्चवाले अजूनही वैतागतात. बिळात पाय जाऊन गाय लंगडी होते असं प्रत्येक जण सांगतो. पाय मोडलेली गाय मात्र मला कोणी दाखवली नाही. गवत कमी होतं, हे खरं आहे. उन्हाळ्यात रॅन्चवाल्याच्या परवानगीने लोक या खारी टिपायला येतात. दोन-तीनशे यार्डांवर, गवतातून वर आलेलं चार इंच रुंदीचं शरीर. या कामासाठी अमेरिकेत रायफलींचा एक वेगळा प्रकारच तयार झाला: जाड नळी, मोठी दुर्बीण, हलकी आणि अतिवेगवान गोळी.

मिस्त्रींची रायफल .२२-२५० या काडतुसाची. १९१५ साली निघालेल्या .२५० सॅव्हेज काडतुसाची मान आवळून, त्यात .२२ ची बारीक गोळी बसवण्याचा उद्योग १९३० च्या दशकात हौशी लोकांनी घराघरांतून केला. कारखान्याचा शिक्का नसलेलं हे काडतूस तीसेक वर्षं असंच चाललं. १९६५ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते आपल्या नावावर प्रमाणित केलं. ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ३,६०० फुटांच्या आसपास सुटते. नळीतल्या खाचा दर १४ इंचांत एक पूर्ण वळसा घेतात. हिशेब केला तर बाहेर पडताना गोळी मिनिटाला १ लाख ८५ हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरत असते. इतक्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूत केसाएवढा असमतोलही लपत नाही.

या मारण्याबद्दल मला काय वाटतं ते सांगून टाकते. खाण्यासाठी नाही, कातड्यासाठी नाही. मला ते रुचत नाही. मिस्त्रींनाही हल्ली फारसं रुचत नसावं, कारण ते वर्षातून एकदा कुठेतरी जातात आणि बाकीचे महिने कागदावर भोकं पाडतात. पण कागदावर भोकं पाडण्याच्या त्या नादात जे शिस्तीचं काम चालतं, ते बघण्यासारखं आहे.

आधी स्क्रू, मग संशय

तक्रार अशी होती. शंभर यार्डांवर ही रायफल पूर्वी अर्ध्या इंचाच्या वर्तुळात गोळ्या मारायची. गेल्या दोन हंगामांत ते वर्तुळ दीड-दोन इंचांवर गेलं. शंभर यार्डांवर दोन इंच म्हणजे तीनशेवर सहा, आणि खार चार इंचांची. गणित तिथेच संपतं.

मला वाटलं होतं, लगेच नळीत कॅमेरा जाईल. मिस्त्रींनी आधी पाना काढला. नळी आणि दस्ता जोडणारे दोन स्क्रू किती आवळलेत ते टॉर्क मोजून बघितलं. नळी लाकडाला कुठे टेकत नाही ना, हे बघायला नोट दुमडून नळी आणि दस्ता यांच्या फटीतून सरकवली. दुर्बिणीच्या कड्या तपासल्या. मग दुर्बीणच काढून तिच्या जागी दुसऱ्या, खात्रीच्या रायफलीवरची चढवली आणि पुन्हा गोळ्या झाडल्या. वर्तुळ तेवढंच. “नेम गेला म्हणणाऱ्या रायफलींपैकी बऱ्याच नुसत्या पान्याने बऱ्या होतात,” ते म्हणाले. “ही झाली असती तर मला आनंदच होता.”

मग नळीचं तोंड. गोळी शेवटचा स्पर्श करते ती ही कडा. मॅसॅच्युसेट्समधले डॉ. फ्रँकलिन मान यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं हाच प्रश्न सोडवण्यात घालवली. पेशाने डॉक्टर. रायफलीची नळी हलूच नये म्हणून त्यांनी काँक्रीटचा एक ओटाच बांधला आणि त्याला ‘शूटिंग जिब्राल्टर’ म्हटलं. मुद्दाम बुडाशी कानशीने घासलेल्या गोळ्या मारून त्या कुठे जातात हे ते नोंदवत. १९०९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. गोळीचं टोक थोडं चेपलं तर फारसं बिघडत नाही, बूड वाकडं झालं तर मात्र ती भरकटते, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. नळीच्या तोंडाला एका बाजूने टवका असेल तर मागून येणारा वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि बुडाला एकीकडून धक्का देतो, तेही याच कारणाने. मिस्त्रींनी भिंगातून कडा बघितली, कापसाचा बोळा तिच्यावरून गोल फिरवला. धागा कुठे अडकला नाही. तोंड ठीक होतं.

आता कॅमेरा आत गेला. असे तपासणीचे कॅमेरे पूर्वी बंदूक-कारागिरांकडेच असत, किंमत हजारांत. गेल्या काही वर्षांत चिनी बनावटीचे स्वस्त आले आणि प्रत्येक हौशी माणूस आपल्या नळीचा डॉक्टर झाला. याचा एक तोटा मिस्त्रींनी सांगितला. पूर्वी जी रायफल चांगली लागायची तिच्या आत काय घाण आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. आता लोक चांगल्या चाललेल्या नळीत डोकावतात, घाबरतात आणि घासून घासून बिघडवतात.

चिंदी, गज आणि निळा रंग

एनसीसी केलेल्यांना ‘पुलथ्रू’ आठवत असेल: दोरीला चिंदी बांधायची आणि नळीतून ओढायची. त्या शिस्तीमागे एक जुनं कारण होतं. पूर्वीच्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे मिठाच्या जातीचा क्षार उरायचा, तो हवेतला ओलावा धरायचा आणि रातोरात नळी गंजवायचा. म्हणून .३०३ रायफलींच्या काळात फौजी नळीत उकळतं पाणी ओतत. आजच्या काडतुसांत हा त्रास नाही. आजची घाण वेगळी आहे, आणि ती दोन जातींची आहे.

पहिली तांब्याची. गोळीचं पोट शिशाचं असलं तरी वरचं कवच तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, आणि खाचांच्या कडांवर त्याचा पातळ लेप चढत जातो. दुसरी कार्बनची, म्हणजे जळालेल्या दारूची राख. काडतुसाच्या पुंगळीच्या तोंडापुढे ती दाबाने आणि उष्णतेने इतकी घट्ट बसते की नखाने निघत नाही. या दोन्ही जाती एकावर एक चढतात. वरचा कार्बन निघाल्याशिवाय खालच्या तांब्यापर्यंत औषध पोचत नाही, आणि ते तांबं निघाल्यावर त्याखाली पुन्हा कार्बन सापडतो.

गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून काम सुरू झालं. तांबं काढणाऱ्या द्रावणात अमोनिया असतो. नाकात झोंबतो, डोळ्यांत पाणी येतं. हातमोजे घातलेच पाहिजेत, आणि घरातलं ब्लीच त्या टेबलाच्या आसपाससुद्धा नको, कारण दोन्ही मिसळले तर विषारी वायू तयार होतो. रायफल लाकडी पाळण्यात आडवी ठेवली, तोंड किंचित खाली. बोल्ट काढून त्या जागी प्लास्टिकची एक नळी बसवली. चिंदी ढकलणारा गज तिच्यातून सरळ जातो, खाचांना घासत नाही, आणि द्रावण चापाच्या यंत्रणेत उतरत नाही. गज एकसंध, वर लेप दिलेला. चिंदी नेहमी बोल्टच्या बाजूने घालायची, तोंडापाशी काढून टाकायची, मळलेली मागे ओढायची नाही.

पहिल्या चिंद्या काळ्या आल्या. मग निळ्या. अमोनिया, हवेतला ऑक्सिजन आणि तांबं एकत्र आले की गडद निळं संयुग तयार होतं. हा रंग म्हणजे तांबं विरघळतंय याची पावती. पण पावतीही खोटी असू शकते. गजाच्या टोकाचा चिंदी धरणारा तुकडा पितळेचा असेल तर द्रावण त्यालाच खातं, नळी स्वच्छ झाली तरी चिंदी निळी येत राहते आणि माणूस घासत राहतो. मिस्त्रींनी तो तुकडा निकेलचा मुलामा दिलेला वापरला, ब्रश नायलॉनचा.

नंतर चिंद्या पुन्हा काळ्या झाल्या. मला वाटलं, काहीतरी चुकतंय. ते म्हणाले, “थर बदलला.” मग पुन्हा निळ्या. हे एका बैठकीत संपलं नाही. द्रावण थोडा वेळ मुरवायचं, पुसायचं, तेलाचा हात द्यायचा, जेवायला जायचं. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या पत्नीने विचारलं की एवढ्या वेळात स्वयंपाकघराचा नळ दुरुस्त झाला असता का. उत्तर कोणी दिलं नाही.

सगळ्यात चिवट निघाली ती पुंगळीच्या तोंडापुढची कार्बनची कडी. तिच्यासाठी द्रावण पुरत नाही; बारीक खरीची पेस्ट घट्ट चिंदीवर लावून फक्त त्या दोन-तीन इंचांत पुढे-मागे करावं लागतं. पेस्टबद्दल नेमबाजांत दोन तट आहेत. एक म्हणतो, ही पोलाद खाते. दुसरा म्हणतो, इतक्या बारीक खरीने पोलाद खायला जन्म जाईल. मिस्त्री दुसऱ्या तटातले, पण हात मात्र पहिल्या तटाचा: थोडे फेरे, मग कॅमेरा, पुन्हा थोडे फेरे. नळ्या गोळ्यांनी कमी आणि गजाने जास्त मरतात, अशी एक म्हण या लोकांत फिरते. बहुतेक म्हणींसारखी तीही आळशी माणसांनी पसरवली असावी. पण वाकडा गज तोंडाच्या कडेवर घासणाऱ्याच्या बाबतीत ती खरी आहे.

शेवटी नळी पोलादी दिसू लागली, आणि तेव्हाच भेगा अधिक स्पष्ट झाल्या.

अडीच सेकंदांची कारकीर्द

मिस्त्रींच्या वहीप्रमाणे या नळीतून अडीच हजारांच्या आसपास गोळ्या गेल्या होत्या. गोळी नळीत असते साधारण एक सहस्रांश सेकंद. म्हणजे या नळीने आयुष्यात जे काही प्रत्यक्ष काम केलं ते सगळं मिळून अडीच-पावणेतीन सेकंदांचं. तेवढ्यात ती म्हातारी झाली.

कारण सोपं आहे. दोन-अडीच ग्रॅम दारू एका बारीक भोकातून जळत जाते. दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला ६५,००० पौंड. वायूचं तापमान पोलाद वितळण्याच्या तापमानाच्या वर. हे इतक्या कमी वेळात होतं की पोलाद वितळत नाही, पण पृष्ठभाग तापतो, आकसतो, तडकतो. तड्यांच्या कडा पुढच्या गोळ्यांबरोबर उडून जातात. झीज सगळ्यात जास्त होते ती पुंगळीच्या पुढच्या भागात, जिथे खाचा सुरू होतात. नेमबाज त्याला ‘थ्रोट’ म्हणतात. खारींच्या वसाहतीत बसून पाठोपाठ गोळ्या मारल्या की नळी हात लावता येणार नाही इतकी तापते, आणि तापलेल्या पोलादावर ही झीज कितीतरी वेगाने होते. म्हणून जाणती माणसं दोन-तीन रायफली बरोबर नेतात आणि आळीपाळीने वापरतात. मिस्त्रींनी ऐन उमेदीत तसं केलं नव्हतं. त्यांच्या मुलाने हे मला हळूच सांगितलं.

मिस्त्रींनी एक मापक आत सरकवून गोळी खाचांना कुठे टेकते ते बघितलं. रायफल नवी असताना वहीत लिहिलेल्या आकड्यापेक्षा ती जागा इंचाचे ८० सहस्रांश पुढे सरकली होती. आपल्या सुताराच्या भाषेत अर्ध्या सुताहून थोडं जास्त. जुन्या मापाने भरलेलं काडतूस आत बसलं की गोळीला खाचांपर्यंत पोचण्याआधी एवढी उडी मारावी लागत होती, आणि उडी मारताना ती थोडी तिरपी घुसली तर नळीभर तिरपीच जाणार.

साफसफाईनंतर पहिल्या दोन-तीन गोळ्या भलतीकडे गेल्या. हे अपेक्षित होतं. कोरडी किंवा तेलाचा अंश राहिलेली नळी स्थिरावायला थोडी घाण लागते. मग पाच गोळ्यांचं वर्तुळ सव्वा इंचावर आलं. दोनवरून सव्वा. स्वच्छतेचं देणं एवढंच होतं, बाकीचं काम काडतुसात.

वहीतला अर्धा इंच

अमेरिकेत काडतूस घरी भरणं कायदेशीर आहे आणि जुना छंद आहे. आपल्याकडे बंदूक आणि काडतूस दोन्ही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतात, त्यामुळे हा छंद मराठी वाचकाला परका आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची उरलेली दारू स्वस्तात विकायला निघाली, ती कान्ससमधल्या ब्रूस हॉजडन यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढून घेतली आणि किरकोळीने विकली. घरोघर काडतुसं भरणाऱ्यांची पिढी तिथून वाढली. त्यांच्या कंपनीच्या एका दारूचं नाव एच३८०. हॉजडन स्वतःच्या .२२-२५० मध्ये ५२ ग्रेनच्या गोळीमागे ती ३८.० ग्रेन भरत, म्हणून हे नाव. (ही इतिहासातली गोष्ट झाली. भरणारा माणूस चालू वर्षाचं भरण-पुस्तक उघडतो, सगळ्यात खालच्या मापापासून सुरुवात करतो आणि कमाल माप ओलांडत नाही.)

मिस्त्रींच्या बाकावर प्रेस, तराजू, मोजपट्टी आणि पुंगळ्यांचे डबे. जुन्या पुंगळ्या त्यांनी एकेक बघितल्या. काहींच्या मानेला बारीक चीर गेली होती. पितळ वारंवार ताणलं, आवळलं की कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकता ठोकता मध्येच भट्टीत घालतात ते याच कारणासाठी. ठोकण्याने धातू ताठरतो, तापवला की पुन्हा नरम पडतो. पुंगळीच्या मानाही अशाच ज्योतीवर तापवतात, नाहीतर एक मान गोळी घट्ट धरते, दुसरी सैल, आणि वेग बदलतो. मिस्त्रींनी जुना ढीग बाजूला ठेवून एकाच खेपेच्या नव्या पुंगळ्या घेतल्या. “इथे पैसे वाचवून मी गोळ्या वाया घालवत होतो,” ते म्हणाले.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. दारू तीच, गोळी तीच, फक्त माप थोडं थोडं वाढवत नेलं. दर मापाच्या तीन गोळ्या, म्हणजे एक ग्रुप. वेग मोजायला टेबलावर काडेपेटीपेक्षा थोडं मोठं रडार. मग पाळी नळी थंड होण्याची. दोन ग्रुपमध्ये इतका वेळ जायचा की मी तेवढ्यात कुरणातले वारे आणि मालगाड्या मोजत बसे.

मधल्या एका मापाला तीन गोळ्या जवळजवळ एकाच भोकात गेल्या. चार दशांश इंच. मी उठूनच उभी राहिले. मिस्त्री हसले नाहीत. त्याच मापाच्या आणखी तीन भरल्या, झाडल्या: एक इंचाहून जास्त. तीच दारू, तीच रायफल, तोच माणूस.

या लेखात मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. तीन गोळ्या म्हणजे फार थोडा पुरावा. गोळ्या मध्यबिंदूभोवती विखुरतात त्या नियमाने बघितलं, तर दहा गोळ्यांच्या ग्रुपची रुंदी सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या सुमारे १.६ पट येते. रायफल तीच, फक्त तिला स्वतःचं खरं रूप दाखवायला जास्त संधी मिळते. आणि तीन-तीनचे अनेक ग्रुप मारले की त्यातले एक-दोन केवळ योगायोगाने चिमुकले निघणारच. नेमबाज नेमके तेच कापून पाकिटात ठेवतो.

मिस्त्रींनी जुनी वही उघडली. पानापानाला चिकटवलेले कागद: ०.५, ०.६, ०.५५. सगळे तीन गोळ्यांचे. “वाईट आलेले कुठेत?” मी विचारलं. ते थोडा वेळ पानं उलटत राहिले. “ते शेकोटीत गेले असतील.”

मग त्यांनी चार दशांशवालं माप सोडलं आणि ज्याच्या आजूबाजूच्या मापांनाही गोळ्या साधारण एकाच उंचीवर लागत होत्या असं एक माप धरलं. गोळी थोडी बाहेर बसवली, झिजलेल्या थ्रोटच्या मागे धावण्याइतकी नाही, कारण मॅगझिनमध्ये काडतूस मावायला हवं. दहा गोळ्या, सावकाश. वर्तुळ आलं ०.९ इंचाचं. पुन्हा दहा. ०.९५. आता गणित बघा. वहीतल्या ०.५५ ला १.६ ने गुणलं तर जवळजवळ हाच आकडा येतो. म्हणजे ज्या अर्ध्या इंचाच्या शोधात हे सगळं चाललं होतं, तो अर्धा इंच बहुधा या रायफलीत कधी नव्हताच. दोन इंच झाला होता तो बिघाड खरा होता आणि तो दुरुस्त झाला. त्यापलीकडचा हरवलेला भाग वहीतला होता.

आपल्याकडे हे गणित कोल्हापूरकरांना नवं नाही. २०१० मध्ये म्यूनिचला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत तिथली, २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य जिंकणारा स्वप्निल कुसाळे कांबळवाडीचा. त्यांच्या .२२ च्या काडतुसात घरी काही भरता येत नाही. म्हणून या पातळीचे नेमबाज उत्पादकांच्या चाचणी-केंद्रांत आपली नळी शिकंज्यात बसवून वेगवेगळ्या खेपांची काडतुसं मारून बघतात आणि जी खेप जमेल ती उचलतात. १० गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. तिथे सुंदर आलेल्या तीन गोळ्यांवर कोणी खेप विकत घेत नाही.

शिसं, प्लेग आणि नवी नळी

एका संध्याकाळी ओळखीच्या रॅन्चवर गेलो, रायफल न घेता. खारी बिळांच्या तोंडाशी उभ्या राहून इशाऱ्याचे आवाज काढत होत्या. जुन्या बिळांत घुबडं राहतात. लहानखुरी, दिवसाही बाहेर बसणारी. या खारींवर जगणारा काळ्या पायांचा फेरेट तर १९७९ मध्ये नामशेष झाला असं मानलं गेलं होतं. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीट्सी गावाजवळ रॅन्चवरच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट घरी आणला आणि शोध पुन्हा सुरू झाला. आज त्यांना पुन्हा सोडलेल्या जागांपैकी एक, साउथ डकोटाचं कोनाटा खोरं, खारींच्या शिकारीला बंद आहे.

तिथला मोठा शत्रू मात्र रायफल नाही, प्लेग आहे. १८९४ ला हाँगकाँग, १८९६ ला मुंबई, १८९७ ला पुणे, आणि १९०० ला जहाजांतून सॅन फ्रान्सिस्को. ज्या साथीच्या काळात रँडचा वध झाला, त्याच साथीचा जंतू अमेरिकेच्या बंदरातून जमिनीतल्या खारींत शिरला आणि अजून तिथेच आहे. २००८ मध्ये तो कोनाटा खोऱ्यात पोचला. पिसवा मारण्यासाठी बिळाबिळात कीटकनाशकाची भुकटी टाकतात.

शिकारीतून आणखी एक त्रास होतो, तो शिशाचा. अतिवेगाची पातळ कवचाची गोळी आत फुटते, कण शरीरभर पसरतात, आणि मेलेली खार खाणारे गरुड-ससाणे ते शिसं पोटात घेतात. मिस्त्रींच्या मुलाचा आग्रह आहे की यापुढे बिनशिशाच्याच गोळ्या वापराव्यात. इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. आणि गोळी जितकी लांब तितके नळीचे वळसे घट्ट लागतात. वूलिचचे गणिती आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये हे सूत्रात मांडलं. १४ इंचांत एक वळसा घेणारी नळी लांब तांब्याची गोळी सांभाळू शकत नाही, ती आडवी-तिडवी होत कागदातून जाते. छत्तीसेक ग्रेनच्या आखूड बिनशिशाच्या गोळ्या मिळतात, त्या या नळीत चालतात, पण दूरवर वारा त्यांना उडवतो.

अजून हजारभर गोळ्यांनंतर नळी बदलावीच लागेल. मिस्त्रींना नवीही १४ चीच हवी. सगळी वही १४ ची आहे. मुलाला ९ ची हवी, लांब तांब्याच्या गोळीसाठी. जेवताना, गॅरेजमध्ये, गाडीत, सगळीकडे हाच वाद चालला होता. कारागीर नळी कापायला घेण्याआधी वळशाचा आकडा मागतो आणि त्याच्याकडे रांग मोठी आहे, तेव्हा ठरवावं लवकर लागेल. पैसे मुलगा देणार आहे, त्यामुळे ९ ची शक्यता जास्त.